दोन पायथन आणि बाहेरकाठा

७ जुलै, सोमवार

पेणला पहिला दिवस. शेतकरी संघाचं ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. आत युरियाचा वास, एक कपाट, एक टेबल आणि टेबलाखाली तो कंप्युटर. असला कंप्युटर पुण्यात मी शेवटचा भंगारवाल्याच्या टेम्पोत पाहिला होता.

काम असं आहे. शिरखार आणि शेजारच्या दोन गावांची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मधे फक्त मातीचा बांध, त्याला इकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधात पाणी सोडण्या-अडवण्याचा दरवाजा आहे, ती उघडी. उघडीवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलंय. संघाचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी त्याच्याकडून आकडा घेतो. उधाणाचं पाणी ठरलेल्या खुणेवर गेलं की तो दोनशे बारा फोनांवर मेसेज पाठवतो आणि लोक घमेली-फावडी घेऊन बांधावर पळतात. हा सगळा थाट सुशील सर नावाच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी एकट्याने, व्हिडिओ बघून शिकून उभा केला. बघून शिकलेलं आहे हे लगेच कळतं. प्रोग्राममध्ये व्हेरिएबलची नावं आहेत पाणी१, पाणी२ आणि पाणी_खरं.

आता यंत्र बदललंय. नव्या यंत्राला नवं पायथन लागतं, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिची नवी आवृत्ती. मेसेज पाठवणारा भाग जुन्या पायथनवर चालतो. मशीनवर दोन्ही आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतायत. पंधरा दिवसांचं काम, असं मी अध्यक्ष गोविंदा पाटलांना सांगितलं. खरं तर चार दिवसांचं आहे.

ऑफिस सांभाळतात अनिता म्हात्रे. बारावी. शिरखारच्याच. त्यांनी मला एक दोनशेपानी वही दिली. "सरांनी सांगितलेलं सगळं यात हाय, मॅडम. मी लिहून ठेवलंय." पहिल्या पानावर होतं : 'कंप्युटर लावण्याआधी हात कोरडे करणे.' वही परत दिली.

९ जुलै, बुधवार

या मशीनवर चार पिप आहेत. पिप म्हणजे पायथनला लागणारे सुटे भाग आणून बसवणारा गडी. नुसतं 'पिप' म्हटलं की तो भाग नव्या पायथनमध्ये नेऊन ठेवतो. नुसतं 'पायथन' म्हटलं की जुनं उठतं. म्हणजे भाग बसवला तर मशीन म्हणतं बसला, आणि चालवायला गेलं की म्हणतं असला भाग माझ्याकडे नाहीच. सकाळचे तीन तास यात गेले. मी पाठमोरी बसून शिव्या घालत होते, तेव्हा अनिताताई मागून म्हणाल्या,

"आमच्या आळीत दोन गजानन म्हात्रे हायत. पोस्टमन नवा आला की एकाची पत्रं दुसऱ्याकडं. म्हणून नुसतं पिप लिहायचं नाय. कुठल्या पायथनचा पिप, ते आधी सांगायचं."

बरोबर होतं. पण चार वर्षांची कंप्युटर इंजिनिअरिंगची फी भरताना मला कोणी सांगितलं नव्हतं की हे ज्ञान शिरखारच्या पोस्टमनकडून मिळेल. मी म्हटलं, "अनिताताई, मला माहीत आहे." त्या चहा आणायला गेल्या.

संध्याकाळी रोह्याला मावशीच्या घरी परत. मावशीने जेवताना विचारलं, "पुण्याचं काम सोडलंस गो, का सुटलं?" सोडलं, म्हणून सांगितलं. तिने आणखी एक भाकरी वाढली, जणू मी काहीतरी वेगळंच बोलले होते.

१२ जुलै, शनिवार

अध्यक्षांच्या आग्रहाखातर हमरापूरला सुशील सरांकडे. घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे गणपती, काही पांढरे, काही अर्धे रंगवलेले. सरांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने गेला. डाव्या हाताने ते एका मूर्तीचं सोवळं रंगवत होते आणि मुलगी बाजूला बसून त्यांच्या हातून बाहेर गेलेला रंग पुसत होती. अर्धा तास त्यांनी मला भरती-ओहोटीचं शास्त्र शिकवलं. मी विचारलं नव्हतं.

निघताना म्हणाले, "तू चालवून बघशील तेव्हा चालेलच. पण कंप्युटर तुझ्याशिवाय स्वतः चालवतो, तेव्हा तो कुठल्या रस्त्याने जातो ते बघितलंस का?"

दहावीच्या पोरीला तोंडी परीक्षेत विचारावं तसं. मी "हो सर" म्हटलं. साठी उलटलेल्या शिक्षकांना प्रश्न विचारण्याची खोड असते, उत्तराशी त्यांना फारसं घेणं नसतं.

१६ जुलै, बुधवार

आज साफसफाई. अर्धवट डागडुजी माझ्या स्वभावात नाही. मेसेज पाठवणारा भाग नव्या पायथनसाठी पुन्हा लिहिला, चांगला लिहिला. जुन्या पायथनचे सगळे सुटे भाग काढून टाकले. माझ्या लॉगिनमध्ये रस्ता असा बदलला की 'पायथन' म्हटलं की नवंच उठावं. चार वाजता सगळं संपलं. दोन गजाननांपैकी एक आळीतून गेला.

अनिताताई म्हणाल्या, "जुनं ठेवलं असतं थोडे दिवस." त्यांच्या कपाटात २०११ सालापासूनच्या कॅलेंडरांची थप्पी आहे. त्यांना काहीच टाकवत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

चाचणी. मी कमांड दिली आणि दोनशे बारा फोनांवर 'ही चाचणी आहे' असा मेसेज गेला. चाळीसेक लोकांनी उलट फोन करून चाचणी म्हणजे काय ते विचारलं. काम झालं.

अनिताताईंनी विचारलं, "हा आपोआप गेला, का तुम्ही पाठवला?"

"मी पाठवला. पण प्रोग्राम तोच आहे. मी पाठवला काय आणि कंप्युटरच्या घड्याळाने पाठवला काय."

"मग घड्याळानं पाठवलेला एकदा बघू."

मी त्यांना समजावलं की त्यासाठी पाणी खुणेवर जावं लागेल, आणि खाडी माझ्या ऑर्डरीवर चालत नाही. त्या पावत्या लावायला लागल्या. हे त्यांना पटलं असावं.

२१ जुलै, सोमवार

मृणालीचा मेसेज. पुण्यात माझ्या टीममध्ये होती ती. 'एक विचारू का?' एवढाच. उत्तर दिलं नाही. तिला अजून नोकरी मिळाली नाही असं कोणीतरी म्हणत होतं. हल्ली कोणालाच मिळत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

कालपासून उधाण. अध्यक्ष आणि संघाचे चार सभासद प्रात्यक्षिक बघायला आले. मी कमांड दिली, पडद्यावर पाण्याचा ताजा आकडा आला, सगळ्यांनी माना डोलावल्या. गोविंदा पाटील म्हणाले, "पुण्याचं शिक्षण ते पुण्याचं शिक्षण." माणूस समजूतदार आहे.

ते गेल्यावर अनिताताई म्हणाल्या, "काल जनूकाका सांगत होते, पाणी खुणेला लागून गेलं. मेसेज नाय आला."

जनूकाका म्हणजे उघडी राखणारा म्हातारा. त्याचं मोजमाप काय, तर काठीवर मारलेली चुन्याची रेघ. मी म्हटलं, यंत्र मिलिमीटरमध्ये मोजतं. मेसेज आला नाही याचा अर्थ पाणी खुणेखाली होतं. चांगली सिस्टीम गरज नसताना बोलत नाही.

"तेवढं बघून घ्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "उद्याचं उधाण मोठं हाय."

पावणेसहाची गाडी पकडायची होती.

२६ जुलै, शनिवार

सुट्टी. रोह्याला घरी. सकाळपासून वारा आणि पाऊस. पावणेदोनला अनिताताईंचा फोन.

"मॅडम, मेसेज आला नाय."

मी म्हटलं, गरज नसेल.

"बांधाला खांड पडली हाय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

२७ जुलै, रविवार

पेणला जाऊन आले. ऑफिस बंद, किल्ली अनिताताईंकडे, आणि त्या बांधावर. मी शिरखारला गेले नाही. रस्त्यावर पाणी होतं असं रिक्षावाला म्हणाला. रस्त्यावर पाणी नसतं तरी गेले असते का, ते सांगता येत नाही.

कारणं अनेक असू शकतात. वीज गेली असेल. उघडीवरचं यंत्र वाऱ्याने हललं असेल. मोबाईल कंपनीचा टॉवर. सरांच्या जुन्या प्रोग्रामचा एखादा तुकडा, जो मी हात लावण्याआधीच सडलेला होता. उद्या कळेल.

२८ जुलै, सोमवार

कळलं.

वीज होती. यंत्र चालू होतं. टॉवर चालू होता. कंप्युटर आपोआप चालवलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका फाईलमध्ये ठेवतो. ती मी पहिल्यांदाच उघडली. सोळा जुलैला दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी पहिली ओळ : 'भाग सापडला नाही.' चार दहाला तीच. चार पंधराला तीच. शनिवारी दुपारपर्यंत दोन हजार आठशेच्या वर ओळी, सगळ्या एकसारख्या. दहा दिवस ते मशीन दर पाच मिनिटांनी सांगत होतं.

नवा रस्ता मी फक्त माझ्या लॉगिनमध्ये लिहिला होता. मी हाताने चालवायचे तेव्हा नवं पायथन उठायचं आणि सगळं चालायचं. घड्याळ चालवतं तेव्हा त्याला माझं लॉगिन माहीत नसतं. ते जुन्याच रस्त्याने जुन्या पायथनकडे जात होतं, आणि जुन्याचं घर मी रिकामं केलं होतं. प्रात्यक्षिकं मी माझ्या हाताची करत होते.

अनिताताई आज आल्या नाहीत. वही टेबलावर होती. सतरावं पान, निळ्या शाईत : 'कंप्युटर आपोआप चालवतो तेव्हा त्याला आपला रस्ता माहीत नसतो. म्हणून पायथनचा पूर्ण पत्ता लिहिणे. नुसतं नाव लिहिणे नाही. (सर दोनदा म्हणाले.)'

पाच वर्षांचा अनुभव, असं मी अर्जात लिहिलं होतं.

२९ जुलै, मंगळवार

शिरखार. खांड, म्हणजे बांधातलं खिंडार, वीस-बावीस फुटांचं आहे. आतल्या बाजूला लावणी झालेली जमीन पाण्याखाली, आणि पाण्यातून डोकं काढलेली रोपं पिवळी पडलेली. खारं पाणी शिरलं की या हंगामात तिथे काही होत नाही, एवढं मला न विचारता तिघांनी सांगितलं. जनूकाका उघडीच्या कठड्यावर बसले होते, डावा हात प्लॅस्टरमध्ये. मेसेजची वाट न बघता ते एकटेच माती टाकायला उतरले होते आणि कड ढासळली.

"त्या दिवशी किती वाजता चढलं पाणी?" मी विचारलं.

"मना कनाला विचारतेस?" ते म्हणाले. "तुजं यंत्र हाय ना."

बायजाबाई नावाच्या एका बाईने बाकीचं सांगितलं. साडेबारापर्यंत मेसेज नाही म्हटल्यावर अनिताताईंनी स्वतःच फोन लावायला घेतले, एकामागून एक, साठेक घरांना. त्यामुळे माणसं निदान दुसऱ्या कच्च्या जागेवर पोचली आणि तो भाग वाचला. नाहीतर तीन गावांचं शेत गेलं असतं.

"आणि हे कोणाचं?" मी पिवळ्या रोपांकडे बघून विचारलं.

"निम्मं आमचं. निम्मं अनिताचं," बायजाबाई म्हणाली. "गावात म्हंतात, शनिवार होता म्हणून अनितानं मशीन बंद करून टाकलं. आता ती काय बोलंल."

३० जुलै, बुधवार

गोविंदा पाटील ऑफिसात आले. दार लावून घेतलं. उद्या शिरखारच्या शाळेत सभा आहे. म्हणाले, "नेटवर्क गेलं होतं, असं सांगू. कोणाचंच नाव नको. तुमचं बी नको, आमचं बी नको. तुम्ही काम पूर्ण करून द्या आणि सुखाने जा."

"आणि गावात अनिताताईंचं नाव घेतायत ते?"

"चार दिवस घेतील. ती इथलीच हाय, ती कुठं जाणार."

मी विचार करते म्हटलं. खरं म्हणजे विचार झालेला होता. सोपं होतं, आणि मला सवयही आहे.

ते इथे लिहायलाच हवं. पुण्यात मार्चमध्ये मी असाच एक जुना भाग काढून टाकला होता. ग्राहकाचं काम दोन दिवस बंद पडलं. त्या आठवड्याची जबाबदारी कागदावर मृणालीची होती. मीटिंगमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते आणि मी माझ्या पेनाचं टोपण बघत होते. तिला काढलं. दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि सगळ्यांना सांगितलं की तिथल्या लोकांचा दर्जा मला सहन होत नव्हता.

लोकांचा दर्जा.

३१ जुलै, गुरुवार

शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यावर गुडघे वर करून बसलेली साठ-सत्तर माणसं. अध्यक्षांनी नेटवर्कचं वाक्य अर्धं म्हटलं असेल, तेव्हा मी उभी राहिले. बोलायला काही सुचलं नव्हतं, म्हणून झालं तसं सांगितलं. मशीन चालू होतं. अनिताताईंनी काहीही बंद केलं नाही, उलट त्यांनी मला तीनदा सावध केलं. त्यांच्या वहीत उपाय लिहिलेला होता, मी ती वाचली नाही. चूक माझी आहे.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून एका बाईने विचारलं, "मग आमच्या रोपांचं काय?" मला माहीत नाही, असं मी सांगितलं. एकजण म्हणाला, हिला आत्ताच्या आत्ता घालवा. दोघा-तिघांनी होकार दिला.

अनिताताई खिडकीशी बसल्या होत्या. सबंध वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. आत्ताही बघितलं नाही. अध्यक्षांना म्हणाल्या, "जाऊ देऊ नका. जिनं बिघडवलंय, तिला म्हायीत हाय कुठं बिघडलंय. दुसरा येल तो पुन्हा पयल्यापासून बिघडवंल."

सभा हसली. मी आजवर ऐकलेली ही माझी सगळ्यात प्रामाणिक शिफारस.

रात्री मृणालीला मोठा मेसेज लिहिला. तिच्या जुन्या साहेबांनाही, नावासकट सगळं. तिने वाचला आहे. उत्तर नाही. देऊही नये.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही पायथनना आता वेगवेगळ्या खोल्या. नव्याचे भाग नव्याच्या खोलीत, जुन्याचे जुन्याच्या, आणि पिपला प्रत्येक वेळी कुठल्या पायथनचा ते नाव घेऊन सांगायचं. घड्याळाच्या यादीत प्रत्येक ठिकाणी पूर्ण पत्ता. एक भाग सापडला नाही तरी लगेच तीन फोनांवर निरोप जाईल, त्यातला एक जनूकाकांचा. सुशील सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. प्रत्येक ओळ वाचून दाखवली. मधेच ते म्हणाले, "आता तू लॉगिन बंद कर, खुर्चीतून ऊठ आणि खाली जाऊन चहा पी. मग बघ."

चहा प्यायले. वर आले तेव्हा सहा ओळी लागोपाठ बरोबर होत्या. सरांना सांगितलं, तर ते मूर्तीच्या सोंडेबद्दल मुलीशी वाद घालत होते.

खूण एक तास खाली आणून घड्याळाच्या हाताने चाचणीही घेतली. अनिताताईंनी फोन बघितला, वेळ बघितली, वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पुनवेचं उधाण. बांधावर मी काय करणार, असं मनात होतं, पण कंप्युटरजवळ बसण्यापेक्षा बरं. अकराला शिरखारला पोचले. खांड मातीने आणि बांबूने बुजवलीय, अजून ओली आहे. बायकांची ओळ लागली होती, अनिताताईंनी तिच्यात मला शिरवलं. "तोंडाकडं बघू नको गो, घमेल्याकडं बघ." मला 'मॅडम' म्हणणं कधी गेलं ते कळलं नाही.

मला हे काम जमत नाही. माझं घमेलं अर्धं भरून येत होतं आणि पुढची बाई ते बघून काही न बोलता पुढे देत होती, हे बोलण्यापेक्षा वाईट. मधे एकदा चिखलात बसले. जनूकाका प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून उघडीवर उभे होते आणि पाण्याकडे बघत होते. साडेबाराला पाणी कठड्याच्या खालच्या दगडाला लागलं. त्यांनी काठी वर केली. लोक हलायला लागले. फोन गप्प होते.

बारा पस्तीस. खिशात फोन होता, पण दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, आणि मागून घमेलं येत होतं. घेतलं, पुढे दिलं. पुन्हा घेतलं.

मग लांब, ओळीच्या त्या टोकाला एक फोन वाजला. मग त्याच्या अलीकडचा. कोणाच्या ओच्यात, कोणाच्या खिशात, बांधावर काढून ठेवलेल्या पिशव्यांत, एकामागून एक वाजत वाजत आमच्यापर्यंत आले आणि आमच्यावरून पुढे उघडीपर्यंत गेले. कोणी बघितलं नाही. सगळ्यांचे हात भरलेले होते.

"आता वाजतंय," जनूकाका म्हणाले. "पाणी मना इचारून गेलं, तवा यांना जाग आली."

खूण थोडी खाली घ्यायला हवी, म्हणजे मेसेज पाच मिनिटं आधी जाईल. म्हाताऱ्याचं बरोबर आहे. मी अनिताताईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "उद्या. आत्ता घमेलं धर."